ते चार घोडे तुर्कांनी नाही नेले

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारची तुमची पुरवणी समोर घेऊन बसलोय. पहिल्या पानावर इस्तंबूलच्या हागिया सोफिया या एकेकाळच्या चर्चवर लेख आहे, चांगला आहे, फोटो तर झकासच. त्यात म्हटलंय की बायझंटाईन नावाचं हजार वर्षांचं ख्रिश्चन साम्राज्य १४५३ साली तुर्कांनी एका तडाख्यात बुडवलं आणि शहरात होतं नव्हतं ते लुटून नेलं. बरं. मग पानं उलटत शेवटच्या पानावर आलो, तिथं युरोप टूरचा लेख, आणि त्यात व्हेनिसच्या सेंट मार्क चर्चवरच्या चार घोड्यांचा हा एवढा मोठा फोटो, खाली ओळ 'व्हेनिसची शान'. अहो साहेब, ते घोडे व्हेनिसचे नाहीत. ते त्याच कॉन्स्टँटिनोपलमधनं, म्हणजे आजच्या इस्तंबूलमधनं, १२०४ साली उचलून आणलेत, आणि आणणारे तुर्क नव्हते, अंगावर क्रॉस शिवलेले ख्रिश्चनच होते. पहिल्या पानावर चोरीची फिर्याद, शेवटच्या पानावर चोरीचा माल, आणि मधल्या पानांत कुणाला पत्ताच नाही. (मधे नेपोलियननं तेच घोडे व्हेनिसहून पॅरिसला पळवले होते, १८१५ ला परत आले, म्हणजे चोरावर मोर पण झालेला आहे. आणि चर्चवर आता दिसतात त्या नकला, खरे आत ठेवलेत.)

मी इतिहासाचा प्रोफेसर वगैरे काही नाही. गुजरीत आमचं सराफी दुकान, वडिलांच्याही आधीपासनं, आणि त्याच्याबरोबर बावीस वर्षं एका बँकेचा गोल्ड व्हॅल्युअर म्हणून काम केलं, म्हणजे गोल्ड लोनला आलेला दागिना कसोटीवर घासायचा, ॲसिड लावायचं, वजन करायचं, खडे, मेण, लाख वजा करायची आणि फॉर्मवर सही ठोकायची. एके दिवशी पन्हाळ्याच्या बाजूच्या एक बाई पुतळीची माळ घेऊन आल्या, सासूची होती, एकवीस पुतळ्या. आता पुतळीची माळ आम्ही शेकड्यानं बघितलेली, त्यात नवीन काय, पण कसोटीवर घासताना दोन पुतळ्यांचा रंग बाकीच्यांपेक्षा पिवळाधमक उतरला, बाकीच्या बावीस कॅरेटच्या आत आणि या दोन जवळजवळ शंभर टक्के. भिंग लावलं. एक दाढीवाला बाबा उभा, त्याच्यासमोर टोपी घातलेला माणूस गुडघे टेकून, दोघांच्या मधे एक झेंड्याची काठी, आणि काठीच्या कडेनं वरून खाली तीन इंग्रजी अक्षरं, डी व्ही एक्स. आमची आजी या चित्राला राम-सीता म्हणायची! ते होतं व्हेनिसचं डुकॅट. दाढीवाला सेंट मार्क आणि गुडघ्यावरचा व्हेनिसचा डोज, म्हणजे त्यांचा निवडून दिलेला राजा म्हणा. तेव्हापासनं मला हा नाद लागला, की हे नाणं व्हेनिसनं काढलं कधी आणि का, आणि त्याच्या आधी जगात कुणाचं नाणं चालायचं. तिथनं मी जाऊन पडलो तो थेट तुमच्या हागिया सोफियाच्या दारात.

आधी नावाचं सांगतो. बायझंटाईन हे नाव त्या लोकांनी आयुष्यात कधी स्वतःला लावलं नाही, ते नाव राज्य बुडल्यावर शंभरेक वर्षांनी एका जर्मन विद्वानानं रूढ केलं. ते स्वतःला रोमनच म्हणायचे, ग्रीक बोलत असले तरी. अरब, तुर्क त्यांच्या मुलखाला रूम म्हणायचे, म्हणजे रोमच. पुढं तुर्कांनी तो मुलूख घेतला तर तिथनं येणाऱ्या तुर्कालासुद्धा रूमीच म्हणायला लागले. विजापूरची मुलूखमैदान तोफ सगळ्यांनी बघितलीय, तिच्या तोंडात बसून फोटो काढलेत, ती १५४९ ला आपल्या अहमदनगरला ओतली, ओतणाऱ्याचं नाव मुहम्मद रूमी. तर तो रूमी म्हणजे हिशोबानं 'रोमवाला'. साम्राज्य जाऊन शंभर वर्षं झाली होती आणि नाव नगरला तोफा ओतत होतं.

आता त्यांचं सोनं. सम्राट कॉन्स्टंटाईननं ३३० साली आपल्या नावाचं नवीन राजधानीचं शहर उभं केलं, त्याच्याही थोडं आधी त्यानं एक सोन्याचं नाणं सुरू केलं होतं, सॉलिडस. एका रोमन पौंडात ७२ नाणी, म्हणजे एकेक साधारण साडेचार ग्रॅमचं, आणि सोनं जवळजवळ शुद्ध. या नाण्याचं वजन चोवीस 'केरातियॉन', म्हणजे एका झाडाच्या चोवीस बियांइतकं, आपली गुंज असते ना तसंच. आपण आज चोवीस कॅरेट, बावीस कॅरेट म्हणतो तो चोवीसचा आकडा तिथनंच आला असं मानतात. म्हणजे गुजरीतलं प्रत्येक बिल रोज त्या नाण्याचं नाव घेतंय, कुणाला ठाऊक नाही ते सोडा.

हे नाणं कुठपर्यंत चालायचं? सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा एक व्यापारी होता, कोसमास, पुढं साधू झाला. त्यानं लिहून ठेवलंय की रोमनांचं सोन्याचं नाणं जगाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळे घेतात. त्याच्याच लिखाणात 'कल्लियाना' नावाचं बंदर येतं, तिथनं तांबं, लाकूड आणि कापड बाहेर जायचं आणि तिथं इराणहून नेमलेला एक बिशप होता. बहुतेक अभ्यासक म्हणतात ते आपलं कल्याण. कल्याण स्टेशनला लोकल बदलताना कुणाला वाटेल का, चौदाशे वर्षांपूर्वी इथं बिशप बसायचा. त्याच कोसमासनं एक गोष्ट सांगितलीय, सिलोनच्या राजापुढं एक रोमन व्यापारी आणि एक इराणी भांडतायत की तुमचा राजा मोठा का आमचा, रोमन म्हणतो भांडण कशाला, दोघांची नाणी समोर ठेवा. इराण्याचं चांदीचं, याचं सोन्याचं, चकचकीत. निकाल लागला. सराफाला यापेक्षा गोड गोष्ट दुसरी कुठली असणार! दक्षिण भारतात ही नाणी सापडलीत आणि त्यातल्या कितीतरी नाण्यांना भोकं पाडलेली आहेत, गळ्यात घालायला. आपली सवय जुनीच आहे.

आता मला खरं आश्चर्य वाटतं ते इथं. सातव्या शतकात या साम्राज्याचं पार कंबरडं मोडलं होतं. आधी इराणशी पंचवीसेक वर्षं लढाई, ती कशीबशी जिंकली, दम घ्यायच्या आत अरब आले, ६३६ ला यरमूकची लढाई हरले, सीरिया गेला, मग इजिप्त गेलं म्हणजे धान्याचं कोठार गेलं, राजधानीत लोकांना फुकट पाव मिळायचा तो बंद झाला, प्लेग तर सहाव्या शतकातल्या सम्राट जस्टिनियनच्या काळापासनं पाठ सोडत नव्हता, अरबांचं आरमार थेट शहराच्या भिंतींपर्यंत आलं, ७१७-१८ ला वर्षभर वेढा पडला. मुलूख अर्ध्याहून जास्त गेला. आणि तरी सोन्याच्या नाण्याचा कस? जवळजवळ तोच. चांदी वितळवली, चर्चची भांडीसुद्धा वितळवली, तांब्याची नाणी कापून कापून लहान केली, पण सोन्याला हात लावला नाही. कारण त्यांचा सगळा गाडा त्या नाण्यावर, सैनिकाचा पगार त्यात, शेताचा कर त्यात, शेजारच्या टोळीवाल्याला 'बाबा रे यंदा येऊ नको' म्हणून द्यायची खंडणी पण त्यातच. सैन्य कमी पडलं तिथं सोन्यानं काम भागवायचे, आणि नाणं खोटं निघालं तर टोळीवाला काय ऐकतो.

आणि मग कस उतरला कधी, तर सगळं छान चाललेलं असताना. दहाव्या शतकात ते परत वर आले, क्रीट घेतलं, अँटिओक घेतलं, सम्राट दुसऱ्या बेसिलनं बल्गेरिया घेतला (आणि त्या लढाईत हजारो बल्गेरियन कैद्यांचे डोळे काढले, त्याचं कौतुक करायचं काही कारण नाही), १०२५ ला तो मेला तेव्हा साम्राज्य चारशे वर्षांत नव्हतं इतकं मोठं झालं होतं आणि खजिन्यात जागा पुरेना म्हणून त्यानं जमिनीखाली वळणावळणाची भुयारं खणून घेतली होती असं लिहिलेलं आहे. हा गडी राजा असून साधे कपडे घालायचा, लग्न केलं नाही, पोरबाळ नाही. त्याच्या मागनं जे आले त्यांना दरबारी लोकांना खूश ठेवायचं होतं, पदव्या वाटायच्या होत्या, पदवीबरोबर वर्षाला सोन्याच्या नाण्यांचा पगार. त्यात चौथा मायकेल आला, त्याचं घराणंच सराफीतलं, नाणी बदलून द्यायचा धंदा, आणि भाऊबंद नाण्यात भेसळ करायचे असं त्या काळच्या इतिहासकारानं लिहून ठेवलंय. आमच्या धंद्याचं नाव असं खराब करणारे आमच्याकडे पण आहेत, ते जाऊ दे. तर याच्या काळात नाण्यात चांदी पडायला सुरुवात झाली. काही अभ्यासक म्हणतात की सुरुवातीला व्यापार वाढला होता आणि नाणी कमी पडत होती म्हणून थोडी भेसळ केली, त्यात फार वाईट नव्हतं. असेल बुवा. मूस एकदा चुलीवर चढली की 'थोडी' कुठं थांबते हे आम्ही बघितलंय. चोवीसवरून वीसच्या खाली, मग अठरा, सातव्या मायकेलच्या काळात सोळाच्या आसपास, आणि लोकांनी त्या राजाला नावच पाडलं 'पारापिनाकिस', म्हणजे पावकमी, कारण एका नाण्याला पूर्वी जेवढा गहू यायचा त्यात आता एक पायली-पाव काय असेल ते कमी यायचं. पावकमी महाराज! एवढं नेमकं नाव आपल्याकडच्या पोरांना पण सुचलं नसतं. त्यानंतरच्या राजानं ते आठ कॅरेटवर आणलं आणि १०८० च्या दशकात तर नावाला सोनं उरलं, बाकी चांदी-तांबं.

या मधेच १०७१ ला मांझिकर्टची लढाई झाली, सेल्जुक तुर्कांनी सम्राट रोमॅनोसला जिवंत पकडलं. पुस्तकात हीच लढाई ठळक अक्षरात असते. पण बघा, तुर्कांच्या सुलतानानं त्याला नीट वागवून सोडून दिला, आणि त्याचे डोळे फोडले ते त्याच्याच लोकांनी, घरी आल्यावर. मग पुढची दहा वर्षं हेच एकमेकांत गादीसाठी लढत बसले, लढायला भाड्यानं तुर्कच आणले, आणि ते आले ते राहिलेच. अनातोलियाचा पठारी भाग गेला, तिथनंच तर सैनिक यायचे.

मग अलेक्सिऑस कोम्नेनोस आला, हुशार माणूस, १०९२ ला त्यानं नवीन नाणं पाडलं, साडेवीस कॅरेटचं, वाटीसारखं खोलगट, नाव हायपरपायरॉन, म्हणजे आगीत चांगलं तावून काढलेलं. गाडी थोडी रुळावर आली. पण या हुशार माणसानंच एक कागद करून दिला त्यानं सगळं पुढचं घडलं. इटलीतले नॉर्मन अंगावर आले होते, याच्याकडे जहाजं नव्हती, व्हेनिसकडे होती. १०८२ च्या सुमाराला करार केला, व्हेनिसनं आरमार द्यायचं आणि बदल्यात व्हेनिसच्या व्यापाऱ्याला जकात माफ. पूर्ण माफ. त्यांच्या स्वतःच्या प्रजेला दहा टक्के आणि परक्याला शून्य, आता सांगा बाजारपेठेत धंदा कोण करणार? आपल्या बाजारात उद्या समोरच्या दुकानाला जीएसटी माफ आणि मला भरायला लावला तर मी किती दिवस शटर उघडीन. शंभर वर्षांत शहरात इटलीवाल्यांच्या वसाहती झाल्या, स्वतःचे धक्के, स्वतःची चर्चं. लोकांचा राग साठत गेला, ११७१ ला सम्राटानं एका दिवसात साम्राज्यातले सगळे व्हेनिसवाले पकडून माल जप्त केला, ११८२ ला तर राजधानीत लॅटिन लोकांची, म्हणजे पश्चिम युरोपच्या ख्रिश्चनांची, कत्तल झाली, त्यात बायका-पोरंही सोडली नाहीत. म्हणजे १२०४ काही आकाशातनं पडलं नाही आणि हे लोकही धुतल्या तांदळाचे नव्हते, हे पण लिहिलं पाहिजे.

आणि आता १२०४. संपादकसाहेब, ही सगळी गोष्ट एका उधारीची आहे. पोपनं जेरुसलेमसाठी चौथं क्रुसेड म्हणजे धर्मयुद्ध पुकारलं, फ्रान्सच्या सरदारांनी १२०१ ला व्हेनिसकडे जहाजांची ऑर्डर दिली, ३३,५०० माणसं आणि साडेचार हजार घोडे न्यायचे, किंमत ८५,००० मार्क चांदी (मार्क हे तेव्हाचं वजन). व्हेनिसनं सगळे धंदे बाजूला ठेवून वर्षभर जहाजं बांधली. ठरलेल्या दिवशी माणसं आली तिसऱ्या हिश्शाइतकी. कार्यालय बुक करताना हजार पान सांगितलं आणि पंगतीला तीनशे आले, पण आचाऱ्याला पैसे हजाराचे द्यायचेत, तसला प्रकार. भांडीकुंडी विकूनसुद्धा ३४,००० मार्क कमी पडले. व्हेनिसचा डोज दांदोलो, म्हातारा, डोळ्यांनी आंधळा, पण व्यवहाराला आंधळा अजिबात नाही. तो म्हणाला पैसे नंतर द्या, आत्ता वाटेत आमचं एक काम करा, झारा नावाचं शहर घेऊन द्या. झारा ख्रिश्चनांचंच. घेतलं. पोपनं बहिष्कार टाकला, तरी यांचं चालूच. मग कॉन्स्टँटिनोपलच्या गादीवरनं हाकललेल्या राजाचा एक कोवळा पोरगा यांना भेटला, अलेक्सिऑस म्हणूनच, तो म्हणाला माझ्या बापाला गादी परत मिळवून द्या, मी २ लाख मार्क देतो, १०,००० सैनिक देतो आणि आमचं चर्च पोपच्या हाताखाली आणून देतो. कर्जबाजारी माणसाला असं कुणी भेटलं की तो आकडा खरा का खोटा विचारत बसत नाही.

१२०३ ला त्यांनी पोराला गादीवर बसवलं. खजिना उघडला तर आत काय, पोरानं चर्चमधल्या मूर्तींवरची चांदी-सोनं ओरबाडून वितळवलं तरी अर्धेच भरले. गावचे लोक त्याच्यावर चिडले, बाहेर तळ ठोकून बसलेले सावकारही चिडले, शेवटी दरबारातल्याच एकानं त्याला गळा दाबून मारला. म्हणजे आता ऋणकोच मेला. मग वसुली. १२ एप्रिल १२०४ ला भिंत पडली, त्यानंतर तीन दिवस लूट.

त्या लुटीचं वर्णन एका माणसानं लिहून ठेवलंय, निकेतास खोनियातिस, दरबारातला मोठा अधिकारी होता. तो सांगतो की हागिया सोफियात खेचरं आणि घोडे आत नेले, सोनं-चांदी लादायला, फरशीवर घसरून पडली ती जनावरं तिथंच भोसकली. पाट्रिआर्कच्या, म्हणजे मुख्य धर्मगुरूच्या, आसनावर एका बाईला बसवून गाणी म्हणायला लावली. त्याचं स्वतःचं घर पेटलेलं, बायको गरोदर, आणि त्याला वाचवलं कुणी तर त्याच्या ओळखीच्या एका व्हेनिसच्याच दारूच्या व्यापाऱ्यानं, त्यानं शिपायाचा वेष घातला आणि दारात उभा राहून म्हणाला हे घर मी आधीच घेतलंय, पुढं जा. मग सगळे शहर सोडून चालत निघाले, बरोबरच्या तरुण पोरींना यानं सांगितलं की तोंडाला चिखल फासा. एवढा मोठा माणूस, मोठमोठे ग्रंथ लिहिलेला, आणि त्याला शेवटी हे सांगायची वेळ आली, मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो होतो.

हर्क्युलीसचा एक ब्राँझचा पुतळा होता, लिसिपॉसनं घडवलेला म्हणजे पंधराशे वर्षं जुना, एवढा मोठा की त्याच्या अंगठ्याभोवतीचा दोरा माणसाच्या कमरेला पट्टा म्हणून पुरायचा. तो वितळवून त्याचे पैसे पाडले. मी आयुष्यभर दागिने वितळवलेत, मंगळसूत्रं वितळवताना हात जड होतो, यांना काही वाटलं नसेल का. घोडे वाचले ते व्हेनिसवाल्यांना माल कळत होता म्हणून. मग वाटणी झाली, साम्राज्याचा तीन अष्टमांश व्हेनिसला, म्हणजे आपल्या भाषेत रुपयात सहा आणे, आणि डोजनं पदवीच लावली 'रोमन साम्राज्याच्या पाव आणि अर्ध्या पावाचा मालक'. तो दांदोलो पुढच्या वर्षी तिथंच वारला आणि हागिया सोफियातच त्याला पुरलं, त्याच्या नावाची फरशी आजही वरच्या गॅलरीत आहे. तुमच्या लेखकांनी ती बघितली असणार, टुरिस्ट तिच्यावरनंच चालतात.

जेरुसलेमला यातले फारच थोडे पोचले.

पुढची गोष्ट तर सगळी तारणाचीच, माझ्या खात्यातली. शहरावर जो लॅटिन सम्राट बसला, दुसरा बाल्डविन, त्याच्याकडे एवढा कडका की राजवाड्याच्या छपराचं शिसं काढून विकलं, येशूचा काटेरी मुकुट म्हणून जो पवित्र अवशेष होता तो व्हेनिसच्या व्यापाऱ्याकडे १३,१३४ सोन्याच्या नाण्यांवर गहाण टाकला, आणि नंतर पोटचा मुलगाच तारण ठेवला. मुकुट फ्रान्सच्या नवव्या लुईनं पैसे भरून सोडवला आणि त्याच्यासाठी पॅरिसला सेंत शापेल बांधलं. २०१९ ला नोत्र दामला आग लागली तेव्हा आतनं घाईघाईनं जो मुकुट बाहेर काढला, तो हाच.

१२६१ ला ग्रीकांनी शहर परत घेतलं, पण आता हातात होतं काय? नाणं पंधरा कॅरेट, मग बारा, मग अकरा. समुद्राचा धंदा आता इटलीतल्याच जिनोव्हा शहराच्या लोकांच्या हातात, समोरच्या किनाऱ्यावर गलाटामध्ये. चौदाव्या शतकातला एक लेखक हिशोब देतो, गलाटाची जकात वर्षाला २ लाख आणि कॉन्स्टँटिनोपलची ३० हजार. सम्राटानं जकात कमी करून, आरमार बांधून बघितलं तर जिनोव्हावाल्यांनी ते बुडवलं. १३४३ ला घरातच यादवी चालू असताना राणी अ‍ॅना हिनं राजमुकुटाचे दागिने व्हेनिसला गहाण ठेवले, ३०,००० डुकॅटवर, म्हणजे साधारण १०५ किलो सोनं. पुढं शंभर वर्षं व्हेनिस दर वाटाघाटीत आठवण करून द्यायचं, पैसे भरा आणि घेऊन जा. ते कधीच सुटले नाहीत. १३४७ ला राज्याभिषेक झाला त्याच्या मुकुटात काचेचे खडे होते आणि जेवणावळीला कथलाची आणि मातीची भांडी. पाहुण्यांना लांबून हिरे वाटले असतील. आम्हाला विचारलं असतं तर दहा फुटावरनं सांगितलं असतं! सोन्याचं नाणं पाडणं पण त्याच सुमाराला बंदच पडलं, सातशे वर्षं खरं चाललेलं आणि पुढं तीनशे वर्षं रडत चाललेलं नाणं, एका सकाळी टांकसाळीत पडलंच नाही.

त्याच्यानंतर शंभर वर्षांनी १४५३ येतं. तोवर शहरात पन्नासेक हजार माणसं उरली होती, भिंतीच्या आत शेती चालायची. ऑर्बान नावाचा हंगेरीचा तोफ ओतणारा आधी सम्राटाकडेच आला होता नोकरी मागायला, याच्याकडे पगाराला पैसे नव्हते, तो गेला सुलतान मेहमदकडे. सम्राटानं चर्चची चांदी वितळवून शिपायांचे पगार दिले, सातएक हजार लोक भिंतीवर, ५३ दिवस टिकले हेच खूप. तुर्कांनी लुटलं नाही असं मी म्हणत नाही, लुटलं, माणसं गुलाम करून विकली. पण लुटायला मागं काय राहिलं होतं ते वरच्या हिशोबात बघा.

आणि एक, आपल्या सगळ्यांच्या शाळेतलं ठरलेलं वाक्य, की '१४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकल्यामुळे भारताकडे येणारे मार्ग बंद झाले', पाच मार्काला हमखास. तुमच्या लेखातही आहे. मिरी-दालचिनी तेव्हा मुख्यतः तांबड्या समुद्रातनं इजिप्तला जायची आणि तिथनं व्हेनिसला. इजिप्त तुर्कांनी घेतलं १५१७ ला. वास्को द गामा कालिकतला आला १४९८ ला. म्हणजे जो दरवाजा बंद झाला म्हणून हा निघाला, तो हा पोचल्यावर एकोणीस वर्षांनी त्यांच्या ताब्यात गेला. पोर्तुगीजांना व्हेनिसचा आणि कैरोचा नफा खुपत होता हे सरळ कारण आहे, आणि त्याचे परिणाम गोव्यानं आणि वसईनं पुढं चांगलेच भोगलेत, निदान आपण तरी ते वाक्य तपासून घ्यायला पाहिजे.

परत पुतळीवर येतो. डुकॅट व्हेनिसनं सुरू केलं १२८४ ला, कॉन्स्टँटिनोपलचं नाणं घसरत होतं आणि पूर्वेच्या बाजाराला खरं सोनं पाहिजे होतं म्हणून. साडेतीन ग्रॅम, जवळजवळ शुद्ध, आणि १७९७ ला नेपोलियननं व्हेनिसच बुडवलं तोवर त्यांनी कस उतरू दिला नाही. चित्र पण तिथनंच उचललेलं, सम्राट आणि संत मधे काठी धरून उभे, फक्त यांनी डोजला गुडघ्यावर बसवला. तेच पुढं सुरतेच्या, कोकणच्या बंदरांतनं आपल्याकडे आलं, पुतळी झालं, आणि इथल्या सोनारांनी त्याच्या इतक्या नकला केल्या की मूळ काय ते विसरूनच गेलं. ओळखायची खूण सांगतो, खऱ्या पुतळीवर अक्षरं वाचता येतात, डोजचं नाव असतं, मोचेनिगो वगैरे. नकलेवर अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या रेघा आणि ठिपके. घरात जुनी माळ असेल तर भिंग घेऊन बघा, आणि वितळवायच्या आधी बघा.

पत्र फार लांबलं, तुम्ही कापणार हे माहिती आहे. सगळं कापा, पण पुढच्या रविवारी त्या घोड्यांच्या फोटोची दुरुस्ती तेवढी छापा: 'हे घोडे १२०४ साली कॉन्स्टँटिनोपलहून लुटून आणलेले आहेत.' एक ओळच आहे.

आपला,
एक जुना वाचक, गुजरी, कोल्हापूर

ता.क. त्या पन्हाळ्याच्या बाईंनी माळ अकरा महिन्यांत सोडवून नेली. न्यायला आल्या तेव्हा मी त्यांना त्या दोन पुतळ्या दाखवून सगळं सांगितलं, व्हेनिस, डोज, सगळं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, असू दे, आमच्यात तिला लक्ष्मीच म्हणतात.